काबरीचं औषध

"आधी हिचं पाहा, मंग माहं पाहा," असं म्हणून ती खिडकीच्या गजांतून मूठ आत घालायची. मूठ उघडली की पळसाच्या पानात एक अंडं. अंडं कसलं, नुसती पातळ पिशवी. बोट लावलं की खळगा पडायचा. तिची स्वतःची चिठ्ठी दुसऱ्या हातात घामानं ओली झालेली असायची, पण ती पुढे करायची तिला कधीच घाई नसे.

मी बालाघाटकडे, कटंगीजवळच्या एका गावात सरकारी दवाखान्यात औषधं वाटतो. वीस वर्षं तीच खिडकी, तीच कंबरदुखी, तोच खोकला. दुपारी एकनंतर मला समोर माणसं दिसत नाहीत, नुसते हात दिसतात. माझ्या जागी तुम्ही बसला असता तर तुमचंही हेच झालं असतं, तेव्हा मला उगाच नावं ठेवू नका. अशा वेळी कुणी पिलपिलं अंडं नाकासमोर धरलं की डोकं फिरणारच.

"माय, हा माणसाइचा दवाखाना हाय."

"ठाऊक हाय न बाबू. पन जनावराइचा लय दूर पडते. आन् काबरी काही बसमधी बसत नाही."

मागची रांग हसायची. मला हसू यायचं नाही, पण रागही पुरता यायचा नाही.

सगळं गाव तिला माय म्हणायचं. सत्तरीच्या पुढची, कमरेत वाकलेली, बोलायला मात्र खणखणीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नागपूरला नोकरीला. मुलगा चांगला होता हो, दर रविवारी फोन करून "आई, आता इकडे ये" म्हणायचा. तिचं उत्तर ठरलेलं: "माह्या कोंबड्या कोन पाहीन?" कोंबड्या चार. त्यांतली काबरी तिच्या विशेष लाडाची. मायला खरं तर आपल्या अंगणातच शेवटपर्यंत राहायचं होतं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. पण म्हाताऱ्या बाईची इच्छा हे आपल्याकडे कारण धरत नाहीत. कोंबड्या हे कारण धरतात.

त्या उन्हाळ्यात काबरी पिलपिली अंडी द्यायला लागली. मग दुसरीही. अंडी खुराड्यातच फुटायची आणि बाकीच्या ती चोच मारून खायच्या. गावानं सल्ले दिले. कुणी म्हणालं कापून खा, कुणी म्हणालं चुन्याचं पाणी पाज, कुणी तळ्यातले शिंपले कुटून घालायला सांगितले. कापणं सोडून तिनं सगळं केलं. फरक पडेना. तिकडून मुलाचा फोन आला, की आता अंडीच नाहीत तर कोंबड्या विकून टाक, दिवाळीला मी गाडी घेऊन येतो.

त्यानंतर ती खिडकीशी आली तेव्हा तिच्या आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. "काहून होते बाबू असं? काही त सांगा न."

रांग पार कडुनिंबापर्यंत गेली होती. मी मान वर न करता म्हणालो, "कवच चुन्याचं राह्यते, माय. तुह्या हाडाइसारखं. तुह्या चिठ्ठीवर जी गोळी हाय न, तेच तिचंबी औषध." तिला वाटेला लावायला म्हणालो, दुसरं काही नाही. वाक्य संपायच्या आत मी "पुढचा!" म्हणून ओरडलोही होतो. तिनं कॅल्शियमच्या गुलाबी गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून पाहिली, पदराच्या टोकाला बांधली आणि गेली.

पूर्वी ती गोळ्या न्यायला दोन-दोन महिने विसरायची. आता महिना भरला की खिडकीशी हजर. मी रांगेतल्या बायकांना तिचं उदाहरण द्यायला लागलो. "या मायकडं पाहा जरा! एक महिना चुकत नाही. नाहीतर तुमी!" ती पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटायचं, लाजते आहे.

दिवाळीच्या आधी ती एक अंडं घेऊन आली आणि म्हणाली, "ठोका टेबलावर." मी हळूच ठोकलं. "जोरानं ठोका न, बाबू!" जोरानं ठोकलं तरी फुटलं नाही. तिनं सगळ्या रांगेकडे असं पाहिलं की जणू अंडं तिनंच दिलं होतं. ते तिनं मलाच देऊन टाकलं. मी घरी नेऊन उकडलं आणि मीठ लावून खाल्लं. मुलगा दिवाळीला आला, डझनभर कडक अंडी घेऊन एकटाच परत गेला.

माघात एका सकाळी ती अंडी काढायला खुराड्याशी वाकली आणि खाली बसली. घसरली नाही, ठेचकाळली नाही. नुसती बसली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला खाटेवर घालून आमच्याकडे आणलं. आमचे डॉक्टर बाहेरगावचे, हिंदी बोलणारे. त्यांनी कागद चाळले. "आठ महीने से कैल्शियम चल रहा है, फिर भी?" मग माझ्याकडे वळून, "दवा बराबर दे रहे थे न?"

मी चिडलो. रजिस्टर त्यांच्यासमोर आपटलं आणि तणतणत तिच्या खाटेपाशी गेलो. ती व्हरांड्यात गाडीची वाट पाहत पडली होती.

"माय, गोळ्या खात होती न तू?"

तिनं तोंड फिरवलं.

"अर्ध्या त खाल्ल्या असशीन?"

"कोंड्यात कालवून देत होतो, बाबू. पाट्यावर बारीक करून. तुमीच त म्हनलं होतं."

म्हणालो होतो. एका क्षणात सगळं आठवलं, ती रांग, तो कडुनिंब, ते "पुढचा!" आणि ते मीठ लावून खाल्लेलं अंडं. मी खाटेच्या कडेवर बसलो. "माय, चूक माही हाय," एवढंच मला म्हणता आलं.

"तुमची काहून? गोळी कोनाची हाय हे मले समजत नव्हतं काय? पन अंडे नसते त मले कोन राहू देल्लं असतं इथं?"

 बालाघाटला फोटो काढला, नागपूरला ऑपरेशन झालं आणि ती मुलाकडेच राहिली. कोंबड्या शेजारणीकडे गेल्या. गाडीत चढवताना वेदनेनं तिचे ओठ काळे पडले होते, तरी शेजारणीला सांगत होती की काबरीला ओला कोंडा देऊ नको.

पोळा झाल्यावर मुलाचा फोन आला. "काका, आई उठायचं नावच घेत नाही. डॉक्टर म्हणतात चालायला पाहिजे. गोळी दिली की भिंतीकडे तोंड करते. तुमचं ऐकेल ती." त्यानं फोन तिच्या कानाला लावला.

"माय, गोळी खाऊन घे. मंग चालता येईन."

"चालून जाऊ कुठं, बाबू?"

आवाज इतका बारीक झाला होता की मला तो ओळखता आला नाही. काबरीला शेजारणीनं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पाहुण्यांसाठी कापलं होतं. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असताना मी म्हणालो, "काबरी पुन्हा पिलपिले अंडे देऊन राह्यली, माय. तू गेल्यापासून. शेजारनीले काही जमत नाही."

 पलीकडून एकदम जुना आवाज आला. "ओला कोंडा देत असन ते! नाही म्हनून सांगतलं होतं मी!"

आठवड्यानं मुलगा म्हणाला, "काका, जादू केली तुम्ही. आता स्वतः मागून घेते गोळी." मी दोन दिवस खुशीत होतो. वीस वर्षांत एकदा तरी आपण बरोबर औषध दिलं, असं बायकोलाही सांगितलं.

थंडीत ती गेली. चालायला लागलीच नाही. महिन्याभरानं मुलगा घराला कुलूप लावायला आला, तेव्हा दवाखान्यात येऊन त्यानं माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला.

"आईनं दिलाय. तुमच्या हाती काबरीला द्यायला सांगितलं होतं. आमच्याकडची अंड्यांची टरफलं वाळवून ठेवायची, अंथरुणात बसून वाटीनं रगडायची. आम्हाला हातही लावू द्यायची नाही."

मी झाकण काढलं. शहरातल्या अंड्यांचा पांढराशुभ्र चुरा. त्यात गुलाबी कण होते, थोडेथोडके नाहीत, तळापर्यंत. त्या अंड्यांची टरफलं गुलाबी नसतात. कॅल्शियमच्या गोळ्या मी वीस वर्षं हातानं मोजतो आहे.

"गोळ्या घेत होती न शेवटपर्यंत?" मी विचारलं.

"हो, काका. एक दिवस चुकली नाही," तो अभिमानानं म्हणाला.

मी त्याला काही सांगितलं नाही. तो गेल्यावर खिडकी लावून घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन रडलो. बाहेर रांग ओरडत होती, ओरडू दिली.

संध्याकाळी डबा घेऊन शेजारणीच्या अंगणात गेलो. टाकून देणं माझ्यानं झालं नाही. उरलेल्या तीन कोंबड्यांसमोर मी तो चुरा कोरड्या कोंड्यात मिसळून ओतला आणि उभा राहिलो. त्यांनी कण न् कण टिपून खाल्ला.