मोराची मान कुठं वळते

ये गं, अशी जवळ येऊन बसलीयस असं समजून लिहिते. आधी थोडं रागावून घेते, मग पुढचं सांगते. परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, जुन्या मेल गेल्या तर गेल्या. एवढं काय मनाला लावून घेता?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुझ्या कुकरची शिट्टी झाली नि तू फोन ठेवलास. असं करतात का? तुझी आत्या काही उगीच डोळे पुसत बसणाऱ्यांतली नाही. बोलणं ऐकून घेत नाहीस तर लिहूनच कळवते. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडं तेवढं बघू नकोस.

मला मण्यांचं वेड लग्नाआधीपासूनचं. दाराची तोरणं, रुखवतातले हंस, तांब्यावरची झाकणं, काय काय विणलं. पण ढोकीच्या ताई भेटेपर्यंत वाटायचं की हे वेड आपल्या एकटीलाच आहे. त्या भेटल्या एका लग्नात. अक्षता पडत होत्या आणि आम्ही दोघी रुखवतापाशी. मी मण्यांचा हंस बघत होते, तर शेजारच्या बाईंनी तो सरळ उचलून उलटा केला. म्हणाल्या, "तोंड काय बघता त्याचं, पाठ बघा. गाठी किती लपवल्यात ते बघा." नवरीच्या मावशीनं आम्हाला हटकलं तेव्हा कुठं आम्ही जेवायला गेलो. तीच आमची ओळख.

त्यांचे मालक साखर कारखान्याच्या ऑफिसात होते, त्यामुळं घरी कॉम्प्युटर लवकर आला. मालक त्यावर पत्ते खेळायचे आणि ताई बघून बघून शिकल्या. मग त्यांनी तो मेलचा गट काढला. एकीनं पाठवलं की सगळ्यांना जायचं आणि सगळं इंटरनेटवर एका पानावर साठून राहायचं. कधीही जा, जुनं उघडा, बघा. तामलवाडीची मी, नळदुर्गची वहिनी, अशा होता होता पार सोलापूर, बिदरपर्यंतच्या बायका झाल्या. वहिनी म्हणजे आम्हा सगळ्यांचीच, तिचा नळदुर्गला हायवेला ढाबा. ती गल्ल्यावर बसून मणी ओवायची. ट्रकवाले विचारायचे, "भाभी, ये क्या बना रही हो?" तर म्हणायची, "तुझ्या गाडीला हार. आधी बिल दे."

आता आमची पद्धत ऐक, कारण सगळं पुढं तिथंच अडलं. मराठी टाइप करणं आम्हा कुणाला धड येत नव्हतं. आम्ही काय करायचो, पोरांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचं पान घ्यायचं, त्यावर नक्षी काढायची. एक चौकट म्हणजे एक मणी. लाल असेल तिथं ला, हिरवा तिथं हि. बाजूला पेनानं लिहायचं, सुई कुठून घालायची, कुठं वळायची, कुठं दोरा आवळायचा. घरातली सुखदुःखंही तिथंच समासात. मग त्या पानाचा फोटो काढून मेलला जोडायचा. मेलमध्ये शब्द काय असायचे? "फोटो बघा." बस. आणि पान जायचं चुलीत, नाहीतर डब्याखाली. मेलवर आहे की, असं म्हणून.

पुढं बायकांची तक्रार सुरू झाली की फोन भरतो. पोरं ओरडतात, आलेले फोटो पुसून टाकतात. तर ताईंनीच काहीतरी करून मेल घरोघर येणं बंद केलं आणि म्हणाल्या, आता पानावर जाऊनच बघत चला. व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर सगळ्या म्हणाल्या तिकडं जाऊ. ताई हलल्या नाहीत. "तिथं सकाळ झाली की फुलांचे फोटो येतात. त्यात माझा पोपट बुडायचा," म्हणाल्या.

मग एक दिवस त्या कंपनीची नोटीस आली. गट बंद होणार, आपापलं उतरवून घ्या. इंग्रजीत होती. ताईंनी डिक्शनरी घेऊन वाचली, सांगितलेलं बटण दाबलं आणि मोठी थोरली फाइल कॉम्प्युटरवर उतरली. त्यांनी उघडून बघितलं. त्यांची अगदी पहिली मेल दिसली, खाली आमची सगळ्यांची नावं दिसली. त्यांनी मला फोन केला. "वाचलं बघा सगळं, काही गेलं न्हाई." वहिनीनं त्या दिवशी ढाब्यावर चहा फुकट वाटला म्हणे.

गट बंद झाला. काही महिन्यांनी बिदरच्या एका बाईंना लेकीच्या रुखवतासाठी पोपटाची जोडी हवी होती. ताईंनी फाइल उघडली, पोपटाची मेल काढली. "फोटो बघा." खाली फोटो नाही. दुसरी काढली. "फोटो बघा." फोटो नाही. फोटो वेगळे उतरवून घ्यायचे होते, हे नोटिशीत शेवटी लिहिलं होतं. तिथवर वाचायची वेळच आली नव्हती, कारण बटण वरच होतं. कंपनीला लिहिलं, तर त्या पत्त्यावर आता कुणी नव्हतंच.

काय राहिलं सांगू? उत्तरं राहिली. लहान लहान असल्यानं ती आम्ही इंग्रजी अक्षरांत कशीबशी ठोकायचो. "छान जमलं." "मला निळे मणी मिळत न्हाईत, जांभळे चालतील का." "माझा मोर मानेपाशी चुकतोय." त्यावर दुसरीचं, "माझा पण." तिसरीचं, "तिथंच अडलंय." खाली ताईंचं, "फोटो बघा."

मी ती फाइल वाचली गं सगळी. एखाद्या घरातून माणसं उठून जावीत आणि त्यांच्या हसण्याचा आवाज तेवढा मागं राहावा, तसं वाटलं मला. वहिनीची सासू गेली तेव्हा तिनं समासात काय काय लिहिलं होतं. ते गेलं. आमचं "काळजी घे" तेवढं आहे.

ताईंनी फार लावून घेतलं. मी म्हटलं, "ताई, तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं." तर म्हणाल्या, "पण माझ्या जागी मीच होते की." पंधरा दिवस सुई हातात धरली नाही त्यांनी. मग एक दिवस तामलवाडीला एस.टी.नं आल्या. पिशवीत चौकटीची वही. चपला काढायच्या आधी माझ्या दाराकडं वर बघून म्हणाल्या, "हे उतरवा. नक्षी गेली, तोरणं कुठं गेलीत? मोजून काढू परत."

तेव्हापासून आम्ही तोरणं मोजत हिंडलो. लोकांच्या दारात उभं राहून सांगायचं, तुमचं तोरण जरा काढून देता का. काहींना वाटायचं विकायला आलोत, काहींना वाटायचं करणी करायला. ढोकीजवळच्या एका वस्तीवर म्हातारबा काठी घेऊनच आले. ताई म्हणाल्या, "बाबा, काठी ठेवा नि स्टूल आणा." आणि आणलं त्यांनी. मी रांग वाचायची, ताई लिहायच्या. दोन लाल, एक पिवळा, चार हिरवे. आमच्यातली प्रत्येकजण तोरणात एक मणी मुद्दाम वेगळ्या रंगाचा घालायची, नजर लागू नये म्हणून. जिची तिची जागा ठरलेली. असा मणी आला की ताई पेन थांबवायच्या. "ही सोलापूरची. गेली ती दोन वर्षांखाली." मी विचारायची, हा वेगळा मणी नक्षीत मांडायचा का? नुसती चूक वाटेल पुढच्या बाईला. त्या म्हणायच्या, "मांडा. ती होती म्हणून."

पुष्कळ काही मिळालं नाही. तोरणं जीर्ण होऊन टाकून दिलेली. लेकींबरोबर सासरी गेलेली, तिथं नवी घरं झाली, नवे दरवाजे झाले. नायलॉनचा दोरा जुना झाला की कडक होतो, एके दिवशी खळकन तुटतो आणि मणी केरात जातात. पोपट मिळाला, कलश मिळाला, वेल अर्धी मिळाली. मोर इकडं कुठंच मिळाला नाही. आम्ही सगळ्या मानेपाशीच अडलेलो, तर पुरा कुणी केला असणार? पुरा केला तो एकट्या ताईंनी, आणि एकदाच.

ऊस तोडणीच्या दिवसांत त्या आजारी पडल्या. मी भेटायला गेले तर रस्ताभर ट्रॅक्टर, एस.टी. मुंगीच्या पायानं. खाटेवर बारीक होऊन पडल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मोर राहिला." मी म्हटलं, "तुम्ही सांगा की तोंडानं, मी लिहिते." त्यांनी डोळे मिटून बोटं हवेत हलवली बराच वेळ. एक रांग सांगितली, दुसरी सांगितली. मग म्हणाल्या, "न्हाय, चुकलं. मान कुठं वळते ते आता न्हाय आठवत." सून औषध घेऊन आली तर तिच्यावर चिडल्या. मग मला म्हणाल्या, "तुमच्या भाचीच्या रुखवताला दिला होता ना मी?" मी म्हटलं, व्हय, पुण्यात तिच्या दारात आहे, तिकडं जायचं तेवढं राहिलंय, पळून जातो कुठं. तर म्हणाल्या, "पळत न्हाय, पण दोरा काय थांबतो का."

आठ दिवसांत गेल्या. तुला तेव्हा फोन केला होता मी. तू म्हणालीस, कोण ढोकीच्या ताई? लग्नाच्या गडबडीत कोण कुणाचं नाव लक्षात ठेवतं, खरं आहे तुझं. पण बाई, तुझ्या दारावर आहे ती त्यांच्या हातची वस्तू आहे. आमच्या सगळ्या गटातला तेवढा एकच मोर उरलाय.

वहीत त्याची जागा मोकळी सोडलीय. नळदुर्गची वहिनी परवा येऊन गेली, दोघीच होतो. तिनं रांग वाचली, मी लिहिली. अक्षर ताईंसारखं गोल येत नाही माझं. मध्येच ती म्हणाली, "ताई असत्या तर आत्ता आपल्याला हाणलं असतं, किती हळू लिहिता म्हणून." मग आम्ही पुढची रांग घेतली. चहा निवून गेला.

तर पोरी, तुझ्यावर राग नाही माझा. फोटो काढून पाठवू का, असं मात्र विचारू नकोस. फोटोत पाठ दिसत नाही, दोरा कुठून कुठं गेलाय ते कळत नाही. तोरण हळू काढ, गुंडाळू नकोस, सुती कपड्यात सपाट ठेव आणि तूच घेऊन ये. जावयांना सुट्टी नसेल तर एकटी ये, सोलापूरहून गाड्या भरपूर आहेत. मोजून झालं की परत तुझ्याच दाराला लावायला देईन. पण लवकर ये गं.