मामांची जागतिक क्रमवारी

जगातल्या सगळ्या देशांच्या शिक्षणाची इज्जत सध्या रायपूरच्या गुढ़ियारीत, माझ्या बायकोच्या मामांच्या हातात आहे. त्या देशांना हे ठाऊक नाही, इतकंच. मालधक्क्यावर नोकरी काढलेल्या मामांनी पोत्यावर छापलेलं वजन काट्यावर टाकल्याशिवाय कधी मानलं नाही. मग कोणत्या देशाचं शिक्षण कितव्या नंबरावर, ही पेपरात छापून आलेली यादी ते काय मानणार! "आपल्या पाऱ्यात, या मोहल्ल्यात, आलं होतं का कोणी विचाराले?" असं त्यांनी दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना विचारलं. कोणीच आलं नव्हतं. यादी तिथंच रद्द झाली आणि मामांनी स्वतःची वही उघडली.

पद्धत सोपी. देशाचा एक माणूस गाठायचा, परीक्षा घ्यायची, नंबर लावायचा. शेजारच्या सुनेचा भाऊ परदेशात असतो. त्याची तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर सुरू झाली, मध्येच नेटवर्क गेलं आणि तो अख्खा देश वहीत 'गैरहजर' लागला. पुढं भनपुरीच्या एका कारखान्यात मशीन बसवायला थेट पहिल्या नंबरच्या देशाचा इंजिनीयर आला. मामांनी त्याला चहाच्या टपरीवर धरलं. "सतरा सक?" बरोबरच्या पोराने भाषांतर केलं. साहेबाने मोबाईल काढून उत्तर दाखवलं. "मोबाईल पास, माणूस नापास," म्हणत मामांनी तो देश शेवटी टाकला. पण जाताना साहेबाने स्वतःचा ग्लास धुऊन ठेवला, तसा देश चौथा आला. "घरचं वळण दिसून राहिलं!"

"मामा, एका माणसावरून अख्खा देश?" मी विचारलं.

"काहून? भात शिजला का पाहाले सारा गंज उपसते का कोणी? ते यादीवालेही शितंच दाबते. मी निदान चहा तं पाजतो!"

शेवटी भारताची पाळी आली. शीत म्हणून निवडली गेली त्यांची आठवीतली नात. तिला मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं. पुस्तक पाठ असू शकतं, म्हणून मामांनी वाचनासाठी मामींचं जुनं पत्र काढलं. मामींना जाऊन चार वर्षं झाली. हे पत्र लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या तेव्हाचं. पोट्टीने न अडखळता खणखणीत वाचलं. मामा खुशीत पूर्ण मार्क मांडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आबा, ये 'करमत नाही' मतलब?"

"मतलब... मन नहीं लगता।"

"किसके बिना?"

मामांनी मार्क मांडायला उघडलेल्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "पुढं वाच, बेटा."

भारताचा रकाना अजून रिकामाच आहे. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर मामींची बाकीची पत्रं घेऊन बसतात. आता तीनच उरली आहेत, आणि मामा हल्ली एकेका ओळीचा अर्थ सांगायला दोन-दोन दिवस लावतात.