ग्रहणाला दिलेला दोष

“हिला सेरेब्रल पाल्सी आहे,” डॉक्टर म्हणाले, तेव्हा प्रणिता माझ्या मांडीवर बसून त्यांच्या टेबलावरचा पेन ओढत होती. दीड वर्षाची झाली तरी ती उभी राहत नव्हती. पाय ताठ व्हायचे, एकमेकांवर चढायचे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे हातापायांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाला जन्माच्या आसपास झालेली इजा. ती वाढत नाही, कुणाला लागत नाही. डॉक्टरांनी माझी बायको सुनंदा आणि मी, आम्हा दोघांनाही समोर बसवून सांगितलं, “प्रसूती लांबली, बाळाला ऑक्सिजन कमी पडला. यात आईची काहीही चूक नाही. आणि ही मुलगी हुशार आहे, लक्षात ठेवा.”

आम्ही उरणजवळच्या आमच्या गावी परतलो. माझ्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “डाक्टरला काय म्हाईत? सातव्या म्हयन्यात गिराण लागला तवा हिनं बोंबील साफ केले. मी माझ्या डोल्यांनी बगितला.”

ते बोंबील मीच आणले होते. तळायलाही मीच सांगितलं होतं. मी गप्प बसलो. आईला दुखवायचं नाही, असं त्याला मी नाव दिलं होतं. खरं तर घरात दोष एका जागी जाऊन बसला होता आणि ती जागा माझी नव्हती, याचं मला बरं वाटलं होतं. सुनंदाने ते ओझं वीस वर्षं वाहिलं.

प्रणिताच्या फिजिओथेरपीत आमची बरीच वर्षं गेली. रात्री पायाला स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ राहावा म्हणून बांधायची प्लास्टिकची पट्टी. मग आखडलेल्या शिरा सैल करायचं ऑपरेशन. आता ती वॉकर धरून चालते. बी.कॉम. झाली आहे. गावातल्या तीन ट्रान्सपोर्टवाल्यांचं जीएसटीचं काम तिच्याकडे आहे. तिचं बोलणं सावकाश, थोडं जड येतं.

तेवढ्यावरून लोक तिला वेडी ठरवतात. बँकेतला माणूस तिच्यासमोर मला विचारतो, “हिला सही जमते का?” दवाखान्याच्या रांगेत अनोळखी बाई तिच्या हातात दहाची नोट कोंबते. एकदा प्रणिता मोठ्याने म्हणाली, “मावशी, सुट्टे नाहीत माझ्याकडे.” मावशी घाबरून उठून गेल्या. मला हसू आलं होतं, पण आज ते आठवलं की डोकं तापतं.

आता यंदाचं सांगतो. माझा पुतण्या कुणाल ट्रेलर चालवतो. त्याची बायको दर्शना आठव्या महिन्यात होती. तिला जेस्टेशनल डायबिटीस झाला होता, म्हणजे गरोदरपणात वाढणारी साखर. त्यासाठी ती इन्शुलिन घ्यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, “इंजेक्शन घेतलं की जेवायचंच.”

ग्रहण संध्याकाळी होतं, वेध सकाळपासून. कुणाल गाडी घेऊन बाहेरगावी. दर्शनाने रोजच्यासारखं इंजेक्शन घेतलं आणि माझ्या आईने तिच्यासमोरचं ताट उचललं. ग्रहण सुटेपर्यंत खायचं नाही, प्यायचं नाही, सरळ पडून राहायचं. माझी वहिनी, दर्शनाची सासू, पदवीधर आहे. तिनेही खिडकीला चादर लावली.

दुपारी प्रणिताचा फोन वाजला. “प्रणे, हात थरथरतात माझे. घाम सुटलाय. आजी पानीपन देत न्हाय.”

प्रणिता मला म्हणाली, “उठा.”

मी म्हणालो, “आईला समजवावं लागेल. जरा सबुरीने...”

“तुम्हाला नीट बोलता येतं ना, बाबा? मग बोला की!”

भावाचं घर शेजारीच. आई दारातच बसली होती. प्रणिताला पाहून म्हणाली, “हिला कनाला आनलास? आज पोटुशीच्या नजरेसमोर हिला नको.”

वीस वर्षं गिळलेलं तेव्हा बाहेर पडलं. मी ओरडलो, “आई, ग्रहणाने काही झालं नव्हतं! कळा सुरू झाल्या तरी आपण सकाळपर्यंत थांबलो. मी थांबलो. पोर आत गुदमरली. सुनंदाने काही केलं नव्हतं.”

“तुला आता सुचतंय व्हय?” आई म्हणाली. तिचं म्हणणं बरोबरच होतं.

तोवर प्रणिता वॉकर रेटत आत गेली होती. दर्शना शुद्धीवर होती, पण बोलणं अडखळत होतं. प्रणिताने घरच्याच मशीनवर तिची साखर तपासायला लावली. आकडा पन्नासच्या खाली. “साखरेचं पाणी. काकी, लवकर!” वहिनी जागची हलेना. मग आमच्या मागोमाग आलेली सुनंदा स्वयंपाकघरात शिरली.

दर्शनाला आम्ही हॉस्पिटलात नेलं. साखर फार उतरली तर गरोदर बाईला फिट येऊ शकते, बाळालाही धोका होतो. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि कडाडल्या, “इन्शुलिन देऊन उपाशी कुणी ठेवलं हिला?” वहिनी जमिनीकडे बघत होती. मी म्हणालो, “आम्ही.”

त्या पुन्हा आत गेल्या. बाळाचे ठोके बघायला यंत्र लावलं होतं. बाहेर बाकावर बसून मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, “देवा, बाळ धडधाकट असू दे.”

शेजारी प्रणिता होती. ती म्हणाली, “म्हणजे माझ्यासारखं नको.”

मी म्हणालो, तसं नव्हतं म्हणायचं मला.

“तसंच होतं. आजी ग्रहणाला घाबरते. तुम्ही सगळे मला घाबरता.” मग म्हणाली, “बाळ माझ्यासारखं झालं असतं तरी दर्शनावहिनीला जेवायला द्यायलाच हवं होतं ना?”

मी आईवर चिडलो होतो, बँकेवर, त्या नोटवाल्या बाईवर. पण माझी पोर म्हणजे एक संकट, इतरांवर येऊ नये असं, हे मीही मनात धरूनच होतो. तिच्यावर प्रेम करताकरता धरून होतो. तुमच्या घरात असं मूल असेल तर एकदा स्वतःला तपासून बघा. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण घरात सगळ्यांसमोर बोला, त्याच दिवशी बोला.

दर्शना सावरली. पुढच्या महिन्यात बाळंत झाली. मी सुनंदाची माफी मागितली. ती म्हणाली, “बघू.” तिच्याकडून एवढंही मिळालं, हे मी उपकारच समजतो.

बाळ झालं त्या दिवशी नातेवाइकांचे फोनवर फोन. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, “नॉर्मल आहे ना?”

मी प्रत्येकाला सांगितलं, “मुलगी आहे. कशी आहे ते तिची ओळख झाली की कळेल.”