वर्धापनदिनाच्या शुभेच्छा

आटपाडीजवळच्या माळावर पूर्वी लष्करी विमान पडलं होतं. त्याच्या स्मृतिदिनी मी माईकवरून "वर्धापनदिनाच्या हार्दिक शुभेच्छा" दिल्या. सवयीनं दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

मी खाली उतरलो तो मेलेल्या जवानांची नावं कोरलेल्या दगडाआड लपायलाच. तिथं एक म्हातारी बसली होती. तिचा पदर एकाच नावावरून पुन्हापुन्हा फिरत होता.

"मालक माजं," ती म्हणाली. "अंगावरचं कापूड बी घावलं न्हाई. मग हितंच त्यांचं तोंड पुसती."

मघाच्या शुभेच्छांबद्दल मी कशीबशी माफी मागितली.

तिनं दगडापुढं भाकरीचा तुकडा ठेवला.

"मालक लय हसलं असतं बगा. फुडल्या वर्साला या, पर तोंड घरी ठिवून."