कधीच न शिवलेलं रक्त

आमच्या रायपूरच्या लॅबमधी हर्पिसची लस कधी तयार होईल ते देवाले माहीत, पण किस्से मात्र रोज तयार होऊन राहिले. आमच्या बोरकर मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख. बारा वर्षं या लसीमागं लागल्या आहेत. मी त्यांचा टेक्निशियन.

या पावसाळ्यात मॅडम एकाच गोष्टीसाठी अडल्या होत्या. लसीची तपासणी खरी की खोटी हे दाखवायले, ज्याले हा विषाणू जन्मात शिवला नाही अशा निदान एका माणसाचं रक्त पाहिजे होतं. महिन्याभरात रिव्ह्यू होता; तोवर ते नाही मिळालं तर प्रोजेक्ट बंद!

*

आधी आम्ही नोटीस लावली, ‘हर्पिसच्या तपासणीसाठी रक्त द्या.’ हा गुप्तरोग समजून लोक नाव वाचूनच जिन्याची बाजू बदलून जाऊ लागले. आमचे साहू भैया, जनावरांची खोली सांभाळणारे, म्हणाले, “मैडम, ‘बुखार मूतना’ लिखिए ना!” ताप उतरल्यावर ओठावर फोड येतात ना, त्याले इकडं असंच म्हणतात.

लिहिलं. दुसऱ्या दिवशी गेटपर्यंत लाईन! आम्हाले पाहिजे होते ज्याले कधीच झालं नाही ते, अन् आले सारे ज्याले दरवर्षी होते ते. मॅडमनं सगळ्यांले चहा पाजून घरी पाठवलं.

*

मग आमच्या संस्थेचे मोठे साहेब स्वतः आले. छाती पुढं काढून म्हणाले, “हमारे खानदान में ये सब होता ही नहीं. लो खून!”

रिपोर्ट पॉझिटिव्ह. मले केबिनमधी बोलावलं अन् दार लावून विचारलं, “मशीन खराब है क्या?”

मी म्हटलं, “मशीन नई है सर, खानदान पुराना है.”

*

इथून जवळच्या सिलतऱ्याच्या प्लांटमधला एक इंजिनियर आला. त्याले निगेटिव्हचं सर्टिफिकेट पाहिजे होतं, कारण लग्नाची बोलणी चालू होती! तोही पॉझिटिव्ह. बिचारा इतका घाबरला की होणाऱ्या बायकोलेच घेऊन आला. तिचीही तपासणी झाली, तीही पॉझिटिव्ह.

पत्रिकेत सव्वीस गुण जुळले होते म्हणे. सत्ताविसावा आमच्या लॅबनं जुळवला! पेढे मात्र आले.

*

रिव्ह्यूले आठ दिवस राहिले. मॅडमचं जेवणात लक्ष नव्हतं, मलेही लई वाईट वाटून राहिलं होतं. दुपारच्या चहाले कोणीतरी चिडूनच विचारलं, “पण मॅडम, हा विषाणू साऱ्यांलेच काहून आहे?”

मॅडम म्हणाल्या, “अहो, यात लाजायचं काय? बहुतेकांना लहानपणीच मिळतो. घरचे लाडानं पप्पी घेतात ना, त्यातून येतो.”

झालं! जे कालपर्यंत तोंड लपवत होते, ते मिरवायले लागले. “माझा मावशीकडला!” “मेरा तो दादी का है!” साहू भैया तर उभेच राहिले, “मोला त पूरा पारा चूमे हे!” पारा म्हणजे मोहल्ला; अख्ख्या मोहल्ल्यानं त्यांची पप्पी घेतलेली. हसून हसून पोट दुखलं.

कोपऱ्यात स्टोअरचे पांडेजी फाईल घेऊन बसले होते. हातमोज्यांच्या एका जोडीसाठी तीन सह्या मागणारा माणूस. त्यांच्यासोबत कोणी चहा पीत नसे. सारे गेल्यावर ते माझ्यापाशी आले आणि शर्टाची बाही वर केली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. निगेटिव्ह! मॅडमनं दोनदा तपासून पाहिलं, तरी निगेटिव्ह! मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी धावत जाऊन पांडेजींले घेऊन आलो. मॅडमनं त्यांचे दोन्ही हात धरले, “पांडेजी, बस आप ही चाहिए थे हमें!”

पांडेजींनी कागद घेतला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले,

“मैडम... घर में किसी ने तो... एक बार और जाँच लीजिए ना.”