अमेरिकेवर जळणारे तात्या

तात्या मशीनमन अमेरिकेवर जळत असत. ही चहाडी नव्हे, ते स्वतःच सगळ्यांना सांगत. ठाकूरद्वारच्या आमच्या छापखान्यात नवा कंपोझिटर कामाला लागला की पहिल्याच दिवशी डबा खाताना तात्या त्याला विचारायचे, "अमेरिकेबद्दल तुझं मत काय रे?" तो बिचारा गांगरून काहीतरी पुटपुटायचा. मग तात्या भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणायचे, "मी जळतो. आत्ताच सांगून ठेवतो, मागनं दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

जळण्याचं कारण पैसा नव्हता, बाँब नव्हता आणि उंच इमारती तर नव्हत्याच. कारण होतं छपाई. त्या काळी अमेरिकेची गुळगुळीत रंगीत मासिकं गिरगावात घरोघर येत. काही फुकट मिळत, काही रद्दीवाल्याकडे शेराच्या भावाने, आणि शेवटी सगळ्यांची पोरांच्या पुस्तकांना कव्हरं होत. तात्या मात्र ती खिडकीपाशी घेऊन बसत, खिशातून भिंग काढत आणि एकेक चित्र ठिपक्याठिपक्याने तपासत. पिवळा, तांबडा आणि निळा हे तीन रंग एकमेकांवर नेमके बसलेत की एखादा केसभर सरकलाय, हे ते बघत. सुनेने निवडलेले तांदूळ सासूने पुन्हा निवडावेत, तसा सगळा प्रकार. मी प्रुफं बाजूला सारून विचारायची, "सापडली का चूक?" ते म्हणायचे, "नाय अजून. पण सापडेल. माणसंच आहेत ती पण."

मी तिथे प्रुफं तपासत असे. इंटरपर्यंत शिकलेली, बावीस वर्षांची आणि स्वतःला फार हुशार समजणारी. तात्या मूळचे मालवणकडचे. लालबागच्या चाळीत राहत आणि चालत कामावर येत. त्यांनीच मला रंगीत छपाईची मेख समजावून दिली. आमच्या मशीनवर एका वेळी एकच रंग छापला जायचा. पहिला रंग वाळला की तोच कागद दुसऱ्या रंगासाठी पुन्हा घालायचा, मग तिसऱ्यासाठी. पण मुंबईची हवा दमट. मधल्या वेळात कागद ती हवा पितो आणि फुगतो, की पुढचा रंग जागेवर बसत नाही. मग चित्रातल्या बाईला चार-चार ओठ येतात. अमेरिकेत म्हणे छापखान्यातली हवासुद्धा यंत्राने थंड आणि कोरडी करून ठेवतात. हे ऐकल्यापासून तात्यांची झोप उडाली होती. "कागद चांगला करा, शाई चांगली करा, मी काय बोलणार नाही," ते म्हणत. "पण हवा? हवा तरी सगळ्यांची सारखी नको?"

पुढे पुढे हे जळणं छपाईपुरतं राहिलं नाही. रेशनवर अमेरिकेचा गहू आला की तात्या त्या चपात्या खाताना खोड काढत. नातीच्या शाळेत अमेरिकेच्या दुधाची पावडर यायची, तर एकदा तिच्याकडून थोडी मागून घेऊन त्यांनी पेल्यात कालवली आणि गुठळी होते का ते पाहिलं. झाली नाही. त्यांनी पेला तसाच नातीपुढे सरकवला. आमच्यातला सावंत कंपोझिटर लाल बावट्याचा. तो मुद्दाम रशियाची मासिकं आणून त्यांच्यापुढे टाकायचा. तात्या भिंगाने एकच नजर टाकून, "तांबडा जास्त झालाय," म्हणत ती परत करायचे. रशियावर ते कधीच जळले नाहीत, आणि हा अपमान सावंतच्या मनाला फार लागायचा.

आणि अशा माणसापुढे एक दिवस खराखुरा अमेरिकन येऊन उभा राहिला. हॅरॉल्डसाहेब नावाचा, सहा फूट उंच आणि सारखा हसणारा. त्याच्या कचेरीला मुलांच्या दुधाबद्दल मराठीत पुस्तिका छापून घ्यायच्या होत्या. त्याने मालकांशी, कंपोझिटरांशी आणि झाडूवाल्या बाईशीसुद्धा हात मिळवला. तात्यांचे हात शाईने बरबटलेले. त्यांनी ते पाठीमागे लपवले, तर याने मागून ओढून काढले, जोरात हलवले आणि आपला काळा झालेला तळवा सगळ्यांना दाखवून हसला. तो गेल्यावर तात्या बराच वेळ हात धूत होते. मग म्हणाले, "इंग्रज आपल्याकडे बघायचा पण नाय. त्याचा राग यायचा, बरं वाटायचं. हा हातात हात घेतो. याच्यावर आता जळायचं तरी कसं?" पण त्यांनी ते जमवलं.

साहेबाचं म्हणणं असं होतं. दोन छापखान्यांनी नमुन्यादाखल एकेक तीनरंगी मुखपृष्ठ छापून द्यायचं, एक आमचा आणि एक दादरचा. मुलाला दूध पाजणाऱ्या आईचं चित्र. ज्याचं उजवं ठरेल त्याला सगळं काम मिळेल, आणि त्याच्या मशीनमनला सहा महिने अमेरिकेत शिकायला पाठवतील. नमुन्यासाठी त्यांनी आपल्याकडचा कागदही दिला. मेणकागदात घट्ट गुंडाळलेला तो गठ्ठा तात्यांनी कपाटात ठेवला आणि किल्ली जानव्याला बांधली. त्या आठवड्यात ते चाळीत कुणाशी भांडले नाहीत की चहात साखर कमी आहे म्हणाले नाहीत. मला एकदा हळूच म्हणाले, "बाय, ती हवा एकदा अंगावर घ्यायची आहे. मग मेलो तरी चालेल."

अमेरिकेला जाण्याचा अर्ज इंग्रजीत हवा होता. तो मी लिहिला. नाव, वय, किती वर्षांचा अनुभव. तात्या बाजूला स्टुलावर बसून सांगत होते आणि मी लिहीत होते. खाली सहीच्या जागी त्यांनी मोडीत सही केली. ती सही वाळेपर्यंत मी तो अर्ज पुन्हा वाचत बसले. इंग्रजी मला येत होतं. जगातली गावं मला तोंडपाठ होती. आणि विमानात बसणार कोण, तर ज्याला इंग्रजीत स्वतःचं नावही लिहिता येत नाही तो. मी मात्र इथेच ऱ्हस्वदीर्घ सुधारत बसणार. तात्या अमेरिकेवर जळत आणि मी तात्यांवर. फरक इतकाच की ते ओरडून सांगत आणि मी कुणाला सांगितलं नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. भिंतीभिंतीवर घोषणा रंगवलेल्या, गल्लीच्या तोंडाशी रोज सभा. अश्रुधूर एकदोनदा आमच्या कंपोझिंगच्या खणांपर्यंत आला होता. मालक दादासाहेब चळवळीचं काम फुकट छापून देत. नमुन्याची मुदत सोमवारची होती, आणि त्याच्या आधीच्या बुधवारी चळवळीतली मंडळी आली. दिल्लीला जाणाऱ्या सत्याग्रहींच्या हाती द्यायला महाराष्ट्राचे नकाशे हवे होते. भगव्या रंगात राज्य, काळी हद्द आणि मुंबई ठसठशीत तांबड्या ठिपक्यात. शनिवारी गाडी सुटणार होती. दादासाहेब हो म्हणाले आणि कुणाच्या तरी बारशाला पुण्याला गेले.

श्रावण चालू होता. तात्यांनी बुधवारी भगवा छापला, गुरुवारी काळा. शुक्रवारी दुपारी तांबडा घातला आणि पहिला ताव हातात घेतला. कागद फुगला होता. मुंबईचा ठिपका किनाऱ्यावरून निसटून चांगला बोटभर अरबी समुद्रात जाऊन पडला होता. त्यांनी खटपट केली, ठसे बसवलेला फर्मा सैल करून पुन्हा आवळला. एका तावावर मुंबई समुद्रात, तर दुसऱ्यावर पार ठाण्यापलीकडे. प्रत्येक ताव वेगळा फुगलेला. सावंत कपाळाला हात लावून म्हणाला की दिल्लीवाले आधीच मुंबई वेगळी काढायला बसलेत, आता आपणच ती बुडवून त्यांच्या हातात देणार. हसायला कुणालाच आलं नाही. दुकानातून दुसरा कागद आणला असता तरी तो याच हवेतला.

तेव्हा मी म्हटलं, "तात्या, तुमच्या कपाटात कागद आहे ना."

मी आवाज चढवला नाही की आर्जव केलं नाही. उलट फार साधेपणाने म्हटलं. वर असंही म्हटलं की मुंबईपेक्षा दुधाची पुस्तिका मोठी आहे का. सगळे तात्यांकडे बघू लागले. तो कागद नकाशांना गेला तर नमुन्यासाठी उरणार नव्हता. तीन रंग नीट बसवायचे तर आधी बरेच ताव वाया घालवावे लागतात. हे तिथे तात्यांच्या खालोखाल मलाच ठाऊक होतं. मुंबई मला हवी होती, यात खोटं काही नाही. मी सभांना जात होते, घसा बसेपर्यंत ओरडत होते. पण त्या क्षणी माझ्या मनात मुंबई नव्हती. तात्या जाऊ नयेत, इतकंच मनात होतं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सदऱ्यात हात घालून जानव्याची किल्ली काढली. तो कागद त्यांनी लहान मुलाला दुपट्यातून काढावं तसा मेणकागदातून काढला, कापला आणि मशीनला लावला. त्याला हवा प्यायला वेळच मिळू नये म्हणून रात्रभर मशीन थांबवलं नाही, आणि एकेका रंगाची शाई टेकताच ताव पुन्हा मेणकागदाखाली झाकले. शनिवारी दुपारी गाडीच्या आधी दोन तास नकाशे तयार झाले. भगवा, काळा आणि तांबडा, एकेक रंग आपापल्या जागी. मुंबई किनाऱ्यावर अशी बसली होती की बोट फिरवून बघावंसं वाटे. न्यायला आलेली पोरं तात्यांच्या पाया पडली.

नमुना बाजारातल्या आर्ट पेपरवर छापला. आईला चार ओठ आले आणि मुलाच्या गालावर निळी कड आली. हॅरॉल्डसाहेबाने तो हातात घेतला आणि हसून म्हणाला, "व्हेरी नाइस, व्हेरी नाइस." पुन्हा सगळ्यांशी हात मिळवले. तात्या मला म्हणाले, "याला खरंच दिसत नाय की हा भला माणूस आहे, काय कळत नाय." पंधरा दिवसांनी पत्र आलं. काम दादरच्या छापखान्याला मिळालं होतं. ते पत्र मीच वाचून दाखवलं. तात्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं, आणि मी वाचलं.

दादरचा मशीनमन अमेरिकेला गेला आणि सहा महिन्यांनी नायलॉनचा शर्ट घालून परत आला. तात्या त्याला भेटायला गेले, मलाही बरोबर नेलं. तो विमानाबद्दल सांगत होता, इमारतींबद्दल सांगत होता. तात्या मधेच म्हणाले, "ते राहू दे. हवा कशी आहे?" तो म्हणाला, सर्दी होते. तात्यांनी आणखी विचारलं की ते लोक छापतात तेव्हा ताव वाया जातात का. तो म्हणाला की ढिगाने जातात, खराब निघाला की बघत पण नाहीत, फेकतात. आम्ही परत निघालो. परळला आल्यावर तात्या म्हणाले की चुका तेही करतात, फक्त त्यांना फेकायला परवडतं. आणि मग, "नायलॉनमध्ये घाम किती येत असेल त्याला," असं म्हणून थोडे हसले.

महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली. छापखान्यात पेढे वाटले, आणि दादासाहेबांनी तात्यांना हार घातला. नकाशासाठी अमेरिका सोडणारा माणूस म्हणून त्यांची ओळख करून देण्यात आली. ही गोष्ट गल्लीत पसरवली होती मीच. ती जितकी मोठी होई तितकं मला बरं वाटे. तात्या हार गळ्यात घालून अवघडून उभे होते. मला वाटलं, विनयाने.

पुढे डोळ्यांनी दगा दिला आणि तात्यांनी गावी जायचं ठरवलं. बोटीवर पोचवायला भाऊच्या धक्क्यावर मी गेले होते. घरची माणसं सामान चढवत होती. आम्ही दोघं एका ट्रंकेवर बसलो. विषय काढायचा म्हणून मी विचारलं, "तात्या, त्या कागदाचं कधी वाईट वाटतं का हो?" मला वाटलं, नाही म्हणतील. मला तसंच ऐकायचं होतं.

"रोज वाटता," ते म्हणाले. म्हातारपणी त्यांची भाषा पुन्हा गावाकडची झाली होती. "मुंबय मेळायची ती मेळालीच असती गो. नकाशात बोटभर समुद्रात गेली असती तरी मेळाली असती. इतकी माणसा मेली तिच्यासाठी, ती काय माझ्या ठिपक्यार अडान रवली होती? माझी अमेरिका मात्र गेली." मग माझा चेहरा बघून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तू वायट वाटून घेव नको. तू सांगितलंस म्हणान मी केलंय. दुसऱ्या कोणी सांगितला असता तर कपाट उघडला नसता. पण तुझ्या मनात काय खोट नव्हती, ता माका ठावक होता."

मी मान हलवली. सामान चढवणारा हमाल ट्रंक न्यायला आला, म्हणून आम्ही उठलो. बोट सुटायला अजून पाऊण तास होता. तेवढा वेळ मी त्यांच्याशी गावच्या घराबद्दल आणि औषधांबद्दल बोलत राहिले.