आईच्या उंचीचे फाळके

धाकट्या भावाचं वऱ्हाड वडिलांच्या जुन्या ट्रकमधून जयसिंगपूरला न्यायचं ठरलं. ट्रकला बाजूचे लाकडी फाळकेच उरले नव्हते, म्हणून आम्ही कोल्हापुरात एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आईही हट्टाने सोबत आली होती. तरुणपणी ती ट्रकमधून ऊसतोडीला जायची, तेव्हा उंच फाळक्यांमुळे तिला फक्त आभाळ दिसायचं. या वेळी तिला रस्ता बघायचा होता.

खांब खाचेत नीट बसला की मिस्त्री त्याला बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचे.

"फाळका पयल्यासारखा उंच करा," वडील म्हणाले. "गाडी गाडीवानी दिसाय पायजे की."

"पावणं, ऊस भरणार हाय का माणसं?" मिस्त्रींनी विचारलं आणि ते आईकडे वळले. "मावशी, वर या."

आई चाकावर पाय देऊन चढली. मिस्त्रींनी तिच्यासमोर फळी आडवी धरली. "काय दिसतंय?"

"काय न्हाय."

त्यांनी फळी थोडी खाली घेतली. "आता?"

"तुमची टोपी."

वडीलसुद्धा हसले. फळी तिच्या छातीपर्यंत आली तेव्हा आई म्हणाली, "आता पार चौकापतोर दिसतंय."

"मग हेच माप," मिस्त्री म्हणाले. "माल काय बाहेर बघत न्हाय. माणूस बघतंय."

लग्नादिवशी त्यांनी आमच्यासोबत असायला हवं होतं. वरमाई जयसिंगपूरपर्यंत खाली बसलीच नाही. वाटेत दिसेल त्याला ती हात करत होती, आणि ओळख ना पाळख, लोकही हात करत होते.